शुश्रूषा संपल्यावर : प्रस्तावना

घरातील दीर्घ आजारी, वृद्ध किंवा परावलंबी माणसाची वर्षानुवर्षे काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे, तो माणूस गेल्यानंतर, पुढे काय होते, हा प्रश्न मराठीत शोकाच्या अंगाने पुष्कळदा विचारला गेला असला, तरी कामाच्या अंगाने तो फार क्वचित विचारला गेला आहे. वस्तुतः अशा मृत्यूबरोबर दोन गोष्टी एकाच दिवशी संपतात : एक नाते संपते आणि त्या नात्याभोवती उभे राहिलेले, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा प्रत्येक तास व्यापून टाकणारे एक कामही संपते. पहिल्या गोष्टीसाठी समाजाजवळ विधी आहेत, शब्द आहेत, भेटीला येणारी माणसे आहेत. दुसरी गोष्ट मात्र संपली आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण ती काम म्हणून कधी मोजलीच गेलेली नसते. या लेखनाचा विषय ही दुसरी समाप्ती आणि तिच्यानंतर आयुष्याची नव्याने होणारी किंवा न होणारी मांडणी हा आहे.

या विषयाचा विचार भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. नागपूर–भंडारा महामार्गालगतची ही वसाहत १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या आयुध निर्माणीभोवती वाढली; तोफगोळ्यांना व अग्निबाणांना गती देणारी प्रणोदके आणि स्फोटके तयार करणारा हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग झाला असला, तरी वसाहतीच्या जीवनाची घडण जुनीच आहे. येथे काम म्हणजे काय हे सर्वांना नेमके ठाऊक असते. कामाला रुजू होण्याची तारीख असते, पाळी असते, सेवापुस्तक असते, रजेचा हिशेब असतो, धोक्याच्या इमारतीत काम करणाऱ्यांसाठी वेगळे नियम असतात, आणि शेवटी निरोप समारंभ, शाल-श्रीफळ आणि निवृत्तिवेतनाचा आदेश असतो. त्याच क्वार्टरमध्ये किंवा निवृत्तीनंतर ठाणा-पेट्रोलपंप परिसरात बांधलेल्या घरात अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांचे बारा-पंधरा वर्षे करणाऱ्या सुनेच्या कामाला मात्र यांतले काहीच नसते. एका घरात दोन प्रकारची कामे इतकी शेजारी-शेजारी आणि इतक्या वेगळ्या नोंदींनिशी चाललेली असावीत, हा फरक अशा औद्योगिक वसाहतीत जितका ठळक दिसतो तितका तो शेतीवर जगणाऱ्या गावात दिसत नाही.

कारखान्याच्या आरंभीच्या काळात भरती झालेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे किंवा निघून गेली आहे. ती केवळ विदर्भातली नव्हती; देशाच्या अनेक भागांतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली, आणि त्यामुळे आजारपणात धावून येणारे चुलत-मावस नातलगांचे जाळे पुष्कळ घरांच्या आसपास मुळातच विरळ राहिले. पुढची पिढी शिकली आणि पुणे, हैदराबाद, बंगळूरकडे गेली. मागे जे राहिले त्यांच्यातून काळजी घेणारी व्यक्ती ठरली, आणि ती बहुधा पत्नी, सून, अविवाहित मुलगी किंवा नवऱ्यापासून विभक्त होऊन माहेरी परतलेली मुलगी हीच ठरली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या ८.६ टक्के या सरासरीहून अधिक होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या कालविनियोग पाहणीत, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कशाकशात घालवतात याच्या देशव्यापी पाहणीत, घरातील व्यक्तींची विनावेतन काळजी घेण्यात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देत असल्याचे आढळले. घरकामाची २९९ मिनिटे स्त्रियांच्या वाट्याला याखेरीज होती. अर्थात या सरासरीत लहान मुलांचे संगोपनही येते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरातील वास्तव कोणत्याही सरासरीत मावणारे नाही.

ते वास्तव कशाचे बनलेले असते हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण जे संपते त्याचे आकारमान कळल्याशिवाय नंतरची पोकळी कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीला जखम होऊ न देणे, नळीतून अन्न भरवणे, लघवीची पिशवी रिकामी करून तिचे मोजमाप लिहून ठेवणे, साखर तपासून इन्सुलिनची मात्रा ठरवणे, ही कौशल्याची कामे आहेत आणि ती घरोघरी कुणी न शिकवता शिकली जातात. जवाहरनगरच्या घरांत त्यांच्या जोडीला नागपूरच्या फेऱ्या येतात : सामान्य लोक ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ‘मेयो’ रुग्णालय, तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे भल्या पहाटे निघून नंबर लावणे, फाईल सांभाळणे, डॉक्टरांचे बोलणे लक्षात ठेवून घरी इतरांना सांगणे. शिवाय दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची धावपळ असतेच. या सर्वांतून काळजी घेणारी व्यक्ती घरातली एक जाणकार होते; भाऊ, नणंदा, शेजारी तिला विचारून निर्णय घेतात. ठाणे शहरातील आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या कार्यातून रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात पडला, व पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांनीही तो स्वीकारला. येथेही हेच शब्द वापरले आहेत. मात्र या शब्दांत जी प्रतिष्ठा आहे ती शुभार्थीच्या मृत्यूनंतर शुभंकराजवळ फारशी उरत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

मृत्यूनंतरचे पहिले दिवस माणसांनी भरलेले असतात. विदर्भातील हिंदू घरांत तेरवीपर्यंत आणि बौद्ध घरांत जलदान विधी व पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत नातलग येत-जात राहतात, स्वयंपाकाला हात लागतात, आणि शुभंकराची भूमिका नकळत यजमानाच्या भूमिकेत मिसळून जाते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. ब्रिटिश अभ्यासक मेरी लार्किन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शुश्रूषेनंतरच्या काळाचे तीन टप्पे दाखवले : आधी पोकळी, मग शुश्रूषेच्या काळाचा आवराआवरीने होणारा शेवट, आणि त्यानंतर नव्या आयुष्याची बांधणी. त्यांतला मधला टप्पा मराठी वाचकाला विशेष ओळखीचा वाटेल. भाड्याचा पलंग परत करणे, उरलेली औषधे व डायपर कुणाला तरी देणे, वॉकर आणि कमोडची खुर्ची माळ्यावर टाकावी की गरजू घरी पोचवावी हे ठरवणे, बँक, निवृत्तिवेतन, गॅस, मतदारयादी अशा ठिकाणी एकेक नाव कमी करणे, ही कामे क्षुल्लक दिसतात, पण ती घाईने दुसऱ्याच कुणी उरकून टाकली तर शुभंकराच्या हातून तिचे काम तिला न विचारता काढून घेतल्यासारखे होते. मुंबईहून किंवा पुण्याहून आलेल्या मुलाने तेरवीनंतर दोन दिवसांत सारी खोली रिकामी करून जाणे ही सद्हेतूने केलेली, परंतु क्रूर गोष्ट ठरू शकते.

याच काळात शुभंकराच्या कानांवर काही ठरावीक वाक्ये पडत राहतात. ‘सुटले बिचारे’, ‘सोनं झालं’, ‘तू सेवा केलीस, पुण्य पदरात पडलं’, आणि शेवटी ‘आता तू मोकळी झालीस’. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो व ही वाक्ये पूर्णतः असत्यही नसतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्यांचा रिचर्ड शुल्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अमेरिकेतील अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शुश्रूषेच्या काळात ज्यांना मृत्यू आला त्यांच्या आप्तांपैकी ७२ टक्क्यांनी हा मृत्यू स्वतःला सुटकेसारखा वाटल्याचे सांगितले, आणि रुग्णाची सुटका झाली असे तर ९० टक्क्यांहून अधिकांना वाटले. सुटकेची भावना ही प्रेमाच्या अभावाची खूण नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते, आणि ते आपल्याकडे मोठ्याने सांगण्याची फार गरज आहे. कारण मराठी घरांत ही भावना मनात येताच तिच्यामागोमाग अपराधाची बोचणी येते आणि दोन्ही गोष्टी न बोलता गिळल्या जातात. ‘त्या रात्री मी डोळा लावला नसता तर’, ‘आयसीयूत नेलं असतं तर’, ‘एकदा चिडून बोलले होते’, असे हिशेब वर्षानुवर्षे चालतात. चिडणे हे थकव्याचे लक्षण होते आणि घरी शांतपणे मरण येऊ देणे हा निष्काळजीपणा नव्हता, हे शुभंकराला उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूनंतर एकदा समोर बसून सांगितले, तर तिच्या पुढच्या आयुष्याचा मार्ग पुष्कळ सुकर होईल. परिहार सेवेत, म्हणजे रोग बरा होण्याची आशा नसताना वेदना व त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीत, कुटुंबाशी मृत्यूनंतरही संपर्क ठेवणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन आणि पुण्यातील वारजे येथे १९९७ मध्ये सुरू झालेले सिप्लाचे केंद्र यांनी महाराष्ट्राला या सेवेची ओळख करून दिली, परंतु भंडाऱ्याभोवतालच्या वैनगंगेच्या खोऱ्यातील बहुसंख्य मृत्यू अशा सेवेविनाच होतात.

शोकाविषयीच्या शास्त्रीय विचारातही गेल्या काही दशकांत महत्त्वाचा बदल झाला आहे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी १९९९ मध्ये ‘दुहेरी प्रक्रिये’ची मांडणी केली. तिचा आशय असा, की शोकग्रस्त माणूस ठरावीक पायऱ्या ओलांडत पुढे जात नसून, गमावलेल्याकडे वळणे आणि नव्याने उभ्या राहिलेल्या जगण्याकडे वळणे या दोहोंमध्ये तो ये-जा करत असतो, आणि ही ये-जा निकोप असते. सकाळी बँकेचे काम चोखपणे करणारी स्त्री दुपारी औषधांचा जुना डबा पाहून कोसळली, तर ती मागे गेली असे समजण्याचे कारण नाही. मात्र तीव्र ओढ व वेदना दीर्घकाळ तशीच राहून दैनंदिन जगणे अशक्य होत असेल, तर त्या अवस्थेला आता ‘प्रदीर्घ शोकविकार’ असे निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची, तर अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२च्या निकषांत प्रौढांसाठी १२ महिन्यांची मर्यादा धरली आहे. अशा वेळी तज्ज्ञांची मदत घ्यावी, आणि जेथे मनोविकारतज्ज्ञ सहज गाठता येत नाही तेथे केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही उपलब्ध आहे.

भावनांची चर्चा करताना पैशांकडे दुर्लक्ष होते, आणि जवाहरनगरसारख्या ठिकाणी तर ते होऊन चालणारच नाही, कारण येथील असंख्य घरांत शुश्रूषेचा खर्च आणि शुभंकराचे पोट ही दोन्ही शुभार्थीच्या निवृत्तिवेतनावर चाललेली असतात. जुन्या योजनेखालील केंद्रीय कर्मचाऱ्याला अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते व वयाच्या ८० व्या वर्षापासून त्यात २० टक्क्यांची भर पडते; त्याच्या मृत्यूनंतर पत्नीला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा सामान्य दर ३० टक्के आहे. म्हणजे शुभंकर पत्नी असेल तर उत्पन्न घटते. शुभंकर मुलगी असेल तर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. विधवा व घटस्फोटित मुलींना २००४ पासून आणि अविवाहित मुलींना २००७ पासून, वयाची २५ वर्षे उलटल्यानंतरही, आई-वडील दोघेही हयात नसताना आणि अन्य अग्रक्रमाचे वारस नसताना हे निवृत्तिवेतन मिळू शकते. ही तरतूद अनेक स्त्रियांना निराधार होण्यापासून वाचवणारी आहे व तिचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. पण तिच्या अटी पाहाव्यात : विवाह केल्यास ते बंद होते, आणि स्वतःचे उत्पन्न दरमहा ९००० रुपये अधिक त्यांवरील महागाई सवलत या मर्यादेपलीकडे गेले तरीही बंद होते. परिणामी पंचेचाळिशीत आई-वडिलांच्या सेवेतून मोकळी झालेली स्त्री जेव्हा नोकरीचा किंवा जोडीदाराचा विचार करू लागते, तेव्हा आयुष्य नव्याने उभारण्याचे हे दोन सर्वांत स्वाभाविक मार्गच तिच्या हातातील एकमेव निश्चित उत्पन्नावर घाला घालणारे ठरतात. अवलंबित असणे ही जिच्या हक्काची पूर्वअट आहे, तिला स्वावलंबी होण्याचा धीर कसा यावा?

आणि सून? सासऱ्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांत ‘कुटुंब’ या संज्ञेत सुनेचा समावेश होत नाही. तिने पंधरा वर्षे केले काय आणि पंधरा दिवस केले काय, नियमाच्या लेखी फरक नाही. घराच्या बाबतीतही असेच होते. महाराष्ट्रात १९९४च्या आणि देशभर २००५च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला. परंतु सेवा केली म्हणून कुणालाही जास्तीचा वाटा मिळत नाही, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्क रक्ताच्या व विवाहाच्या नात्याने ठरतो. म्हणून ज्या घरात एकाच मुलीने किंवा सुनेने सारे केले आहे, त्या घरातील वृद्धाने शुद्धीवर व स्वस्थ असताना तिच्या निवाऱ्याची लेखी तजवीज करणे हे त्याचे स्पष्ट कर्तव्य आहे. हा विषय काढणे अशुभ मानून टाळले जाते आणि मग भावंडांतले वाद तेरवीच्या मांडवातच सुरू होतात.

इतर देशांनी या कामाची नोंद कशी ठेवली आहे, हे थोडक्यात पाहणे उपयोगी ठरेल. ब्रिटनमध्ये काळजी घेणाऱ्यास मिळणारा भत्ता संबंधित व्यक्तीच्या मृत्यूनंतरही साधारणपणे ८ आठवडे चालू राहतो. जर्मनीत १९९५ मध्ये सुरू झालेल्या शुश्रूषा विम्यात, ठरावीक अटींवर, घरी सेवा करणाऱ्या नातलगाच्या नावे निवृत्तिवेतनाचा हप्ता भरला जातो. ८ आठवडे हा काही मोठा काळ नव्हे. तरीही काम संपल्यावर सावरायला वेळ लागतो हे तत्त्व एका शासनाने मान्य केले आहे, ही लहान बाब नाही.

पगारी शुश्रूषेशी तुलना केली असता हे आणखी स्पष्ट होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ मधील हल्ल्यानंतर अचेतनवत अवस्थेत राहिलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांची सेवा तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११च्या निकालात रुग्णालयाच्या या सेवकवर्गालाच त्यांचे निकटचे मित्र मानले. ती सेवा अतुलनीय होती. परंतु ती करणाऱ्यांना पाळी बदलून घरी जाता येत होते, आणि दुःख वाटून घ्यायला तेच दुःख असलेल्या सहकारी होत्या. घरातील एकट्या शुभंकराजवळ पाळी बदलणारे कुणी नसते आणि दुःखाची भागीदारही नसते. घरातील प्रत्येक शुभंकर मात्र इतका एकटा नसतो : लेखक डॉ. अनिल अवचट यांनी कर्करोगाने आजारी असलेल्या पत्नी डॉ. सुनंदा यांची १९९७ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत साथ केली. त्यानंतर त्यांच्यासमोर लेखन होते, छंद होते, आणि दोघांनी मिळून १९८६ मध्ये उभारलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र होते. शुश्रूषेच्या काळातही ज्याचा बाहेरच्या जगाशी एखादा धागा टिकून राहतो त्याला परतायला जागा असते. आणि तो धागा टिकवणे हे मोठ्या अंशी इतरांच्या हाती असते, कारण आठवड्यातून दोन दुपारी कुणी रुग्णाजवळ बसले तरच शुभंकराला घराबाहेर पडता येते.

परतण्याच्या वाटा प्रत्येक थरात निराळ्या आहेत. वसाहतीभोवतालच्या गावांतील धानशेतीवर मजुरी करणाऱ्या स्त्रीला शोकासाठी सवडच मिळत नाही. रोवणी सुरू झाली की ती चिखलात उतरते, आणि तिच्या परतण्याला आपण झटकन धीर म्हणतो, जरी त्यामागे केवळ निरुपाय असला तरी. क्वार्टरमधील मध्यमवर्गीय स्त्रीची अडचण याच्या उलट असते : तिला कुठेच जाण्याची निकड नसते. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटके होतात. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांपासून दूर राहणे समजण्यासारखे आहे, परंतु त्यानंतरही तिने हौसेने नाटकाला जाणे लोकांना खटकते, आणि ते खटकू नये यासाठी वसाहतीतील महिला मंडळांनी पुढाकार घेऊन तिला बोलावणे धाडणे आवश्यक आहे. शरीराची दुरुस्तीही राहून गेलेली असते. वजन उचलून दुखावलेली कंबर, तुकड्यातुकड्यांची झोप, स्वतःचा तपासायचा राहिलेला रक्तदाब, यांच्याकडे पहिल्या महिन्यातच लक्ष दिले पाहिजे.

विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यामुळे येथे शुभंकर म्हणजे वृद्धाची सून असेच नव्हे, तर आजारी मुलाची आईही असते. मुलाच्या वेदनेच्या झटक्यांमागे जिची तरुण वर्षे गेली, त्या आईच्या वाट्याला मूल गेल्यावर ‘सुटका’ हा शब्दही येत नाही. तिच्या बाबतीत वर सांगितलेल्या टप्प्यांचा क्रम लावण्याचा प्रयत्न करू नये.

काही घरांत मृत्यू अगदी निराळ्या दिशेने येतो. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत झालेल्या स्फोटात किमान ८ कामगार मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेत कमावता माणूस जातो, आणि ज्या घरात आधीच कुणी आजारी वा वृद्ध आहे तेथे शुश्रूषा संपत नाही, ती दुसऱ्याच्या खांद्यावर पडते. विधवा झालेली स्त्री एकाच वेळी शोकग्रस्त, अर्जदार आणि शुभंकर होते. अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळाली, तर ती पाळीवर गेल्यानंतर घरच्या माणसाकडे कोण पाहणार हा प्रश्न त्या नोकरीच्या आदेशात कुठेच नसतो. तिचे ‘नंतरचे आयुष्य’ अनेक वर्षे पुढे ढकलले जाते.

शेवटी, घरी मदतीला ठेवलेल्या आया व मावशी यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा मांडला असे म्हणता येत नाही. जवळच्या गावातून येऊन चार-पाच वर्षे आजोबांना आंघोळ घालणाऱ्या बाईचे काम, ते गेले त्याच दिवशी संपते. तिला नोटीस नसते, पुढच्या महिन्याचा पगार बहुधा नसतो, आणि तेरवीच्या जेवणाला ती आली तर भांड्यांपाशी बसते. तिलाही त्या माणसाचा लळा लागलेला असतो. ज्या कुटुंबांना शक्य आहे त्यांनी तिला किमान दोन महिन्यांचा पगार द्यावा, पुढचे काम मिळवून देण्यास मदत करावी, आणि तिने जे केले ते तिच्या नावानिशी लेखी द्यावे. पुढच्या घरी तोच तिचा दाखला ठरेल.